नाव ताजं आहे तोवर

म्हणज्याला ‘म्हणज्या’ हे नाव शाळेत पडलं आणि ते त्याच्या मागोमाग नोकरीपर्यंत आलं. त्याची जीभ अडायची. तोंड उघडलं की काही शब्द सुरळीत निघायचे, आणि काही दारातच पाय रोवून उभे राहायचे, ढकलले तरी हलायचे नाहीत. ‘म्हणजे’ हा एकच शब्द असा होता, की त्याने त्याला कधी दगा दिला नाही. म्हणून तो आधी ‘म्हणजे’ म्हणायचा आणि त्याच धक्क्यात पुढचं वाक्य बाहेर काढायचा. ‘म्हणजे उशीर झाला.’ ‘म्हणजे मलापण यायचंय.’ आधी काही बोलणंच झालेलं नसताना हे ‘म्हणजे’ कशाचं, असा प्रश्न नवख्या माणसाला पडायचा. ओळखीच्यांना सवय झाली होती.

तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा, पण पडद्यामागे. पुढे काउंटरवर मालक गोड बोलून फ्रेमा विकायचा आणि मागच्या खोलीत म्हणज्या काचा घासून त्या फ्रेमांत बसवायचा. घासायच्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत असायची. तिचा आणि चाकाचा मिळून असा आवाज व्हायचा, की तिथे कुणी कुणाशी बोलावं अशी अपेक्षाच नसे. म्हणज्याचा त्या खोलीवर फार जीव होता.

पंचाईत व्हायची ती मालक जेवायला गेला की. चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाला नावाने हाक मारायची, अशी त्या दुकानाची पद्धत होती. मालक नसला की म्हणज्या पडदा सारून बाहेर यायचा, चष्मा उंच धरायचा आणि बाकावरच्या सगळ्यांकडे आशेने बघायचा. आता बाकावरची मंडळी मुळात नीट दिसत नाही म्हणूनच तिथे आलेली. ती बिचारी डोळे बारीक करून आधी चष्म्याकडे आणि मग एकमेकांकडे बघायची. शेवटी कुणीतरी अंदाजाने उठायचं. एकदा एक आजोबा भलत्याचाच चष्मा घालून घरी गेले आणि घर किती कळकट ठेवलंय म्हणून संध्याकाळभर सुनेला बोलत राहिले.

बाकी शब्दांचं म्हणज्याला एवढं भय नव्हतं. शब्दांना भाऊबंद असतात, एक अडला तर दुसऱ्याला पुढे करता येतं. ‘पाणी’ निघालं नाही तर ‘तहान लागलीय’ म्हणावं. ‘परवा’ अडलं तर ‘उद्याच्या दुसऱ्या दिवशी’ म्हणावं, ऐकणारा फार तर वेड्यात काढील. या अदलाबदलीत तो इतका तरबेज झाला होता, की त्याच्याशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला तो थोडा विचित्र वाटायचा, तोतरा वाटायचा नाही. फक्त नावापुढे त्याचं काही चालायचं नाही. नावाच्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. गावाचं असो की माणसाचं, ते एकटंच असतं.

तरी त्याने गावांवर उपाय काढला होता. त्याची ताई ज्या गावी राहायची त्या गावाचं नाव त्याच्या घशाशी येऊन बसायचं. त्याच्या अलीकडचं गाव मात्र सोपं होतं. तेव्हा म्हणज्या बसच्या तिकीट खिडकीवर अलीकडच्या गावाचं तिकीट काढायचा, तिथे उतरायचा आणि उरलेली वाट पायी तुडवत ताईकडे पोचायचा. ताईला वाटायचं, भावाला चालायची हौस आहे. ती कौतुकाने शेजारणींना सांगायचीही.

ही चोरी पकडली ती खिडकीपलीकडच्या मुलीने. एकदा तो नेहमीप्रमाणे वाकला, तोंड उघडलं, मिटलं आणि अलीकडचं गाव सांगून मोकळा झाला. तिने तिकीट दिलं नाही.

“तुम्हाला खरंच तिथंच जायचंय का?” तिने विचारलं. “दर वेळी तुम्ही भलतंच काहीतरी म्हणायला जाता आणि मग हे गाव सांगता.”

म्हणज्याने मान वळवून बघितलं. मागे रांग होती.

“सांगा सावकाश. मी थांबते,” ती म्हणाली.

रांगेतलं कुणीतरी खाकरलं, कुणी ‘अहो लवकर’ म्हणालं. तिने खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना थांबायची खूण केली आणि म्हणज्याकडे बघत राहिली. कीव नाही, घाई नाही. पुढचं वाक्य ऐकायचं असलं की माणूस जसं बघतो तसं. म्हणज्याने त्या नावाशी बरीच झटापट केली, घाम फुटला, पण नाव आलं. “दोन नंबरचा फलाट,” ती म्हणाली, जणू काहीच झालं नव्हतं. त्या दिवशी तो पहिल्यांदा थेट ताईच्या दारापाशी उतरला, आणि ताईने त्याला बरं नाही की काय म्हणून कपाळाला हात लावून बघितला.

त्याच मुलीशी त्याचं लग्न झालं, हे सांगायला नकोच. दिवसभर खिडकीवर बोलून बोलून तिचा घसा बसायचा, तरी घरी आल्यावर ती त्याचं वाक्य पूर्ण व्हायची वाट बघायची. तिने आजवर एकदाही त्याचं वाक्य स्वतः पुरं केलं नव्हतं. जगात बाकी सगळे करायचे. मालक करायचा, रस्त्यावरचे अनोळखी लोक करायचे, ताई तर त्याने तोंड उघडायच्या आत करायची. म्हणज्या कधीकधी भांडी विसळताना मध्येच थांबून विचार करायचा, की आपण असं काय केलं होतं म्हणून ही आपल्या वाट्याला आली. मग तो पुढचं भांडं घ्यायचा.

तिचं नाव मात्र त्याच्या तोंडून निघत नसे. पहिल्याच अक्षराने त्याच्याशी जन्माचं वैर धरलेलं. तो तिला ‘अगं’ म्हणायचा. यावरून नातेवाइकांत त्याची अशी काही कीर्ती पसरली, की विचारू नका. आजच्या काळातसुद्धा बायकोला नावाने हाक मारत नाही, किती जुन्या वळणाचा मुलगा, असं म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे बोट दाखवून आपापल्या जावयांना ऐकवायच्या. जावई त्याच्यावर खार खाऊन असायचे. नवरा-बायको दोघं घरी येऊन पोट धरून हसायची.

मग मुलगी झाली.

नर्सने गुंडाळलेलं गाठोडं त्याच्या हातात दिलं तेव्हा म्हणज्याला धड हसताही येईना आणि रडताही येईना. इवल्याशा कपाळावर आठी होती, कसल्यातरी गहन विचारात असल्यासारखी. बाळ आणि बाळंतीण दोन्ही सुखरूप, यापुढे काही मागायचं म्हणजे हावरटपणाच, हे त्याला कळत होतं. पण एक गोष्ट हवी होती, आणि ती त्याने संध्याकाळी बायकोच्या खाटेशेजारी बसून सांगून टाकली.

“अगं, म्हणजे, नाव असं ठेवू, की… म्हणजे मला हाक मारता येईल.”

ती ऐकत होती.

“तुझं जमलं नाही. ते खपून गेलं. पण लेकीला काय ‘अगं’ म्हणू? म्हणजे शाळेच्या फाटकाशी उभा राहून ‘अगं’ म्हटलं तर दहा पोरी वळून बघतील. बाप आहे मी. निदान हाक तरी…” पुढचा शब्द आला नाही. या वेळी कारण जीभ नव्हती.

“ठेवू,” बायको म्हणाली. “तुझ्या तोंडी बसेल तेच ठेवू. मग ते कसलंही असो.”

बोलायला हे सोपं होतं. घरी आल्यावर रोज संध्याकाळी जेवणं आटोपली, की बाळाला मांडीवर घेऊन दोघं नावं चाखून बघायची. रेवा म्हणून बघितलं, एकदम सुरळीत. दोन दिवस घरात रेवा, रेवा चाललं. तिसऱ्या दिवशी म्हणज्या दुकानातून आला, दारातून हाक मारायला गेला आणि ‘रे’वर जे अडकलं ते बूट काढून होईपर्यंत सुटलं नाही. रेवा बाद झाली. मग इरा आली, तीही चार दिवसांत गेली. सायली आली आणि गेली. लतिका तर सकाळी ठेवली आणि संध्याकाळी काढली. गंमत म्हणजे बाळाजवळ एकटा असला की म्हणज्या नळ सोडल्यासारखा बोलायचा. तिला तो काचांचे नंबर समजावून द्यायचा, मालकाच्या कागाळ्या सांगायचा, एकही शब्द अडायचा नाही. फक्त तिचं नाव म्हणून जे ठरलं असेल, तेवढंच नेमकं अडायचं.

हळूहळू म्हणज्याच्या लक्षात आलं, की दोष अक्षरांचा नाहीच. कुठलंही नाव नुसता शब्द असेतोवर सोपं असतं. ते तिचं झालं, की जड होतं. हे त्याने बायकोला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला होता, की तिने बाळाला त्याच्या मांडीवर ठेवलं.

“म्हणजे,” ती म्हणाली, कारण ही सवय आता तिलाही लागली होती, “नाव शिळं झालं की बिघडतं. मग ताजं असतानाच सांगून टाकू. एकदा चार माणसांत तू तोंडाने सांगितलंस, की झालं. पुढचं पुढे बघू.”

हा उपाय तसा अर्धवटच होता. पण दुसरा नव्हता, आणि नातेवाईकही आता ऐकेनात. मुलगी मान धरायला लागली तरी तिला सगळे ‘बाळ’च म्हणत होते. ताई रोज फोनवर नवीन नावं सुचवायची आणि म्हणज्याने ‘म्हणजे’ म्हणताच ‘नाही आवडलं ना, ठीक आहे’ म्हणून फोन ठेवायची. एका शनिवारी विभा हे नाव निघालं. म्हणज्याने ते म्हणून बघितलं, उलटसुलट म्हणून बघितलं, खिडकीबाहेर तोंड काढून म्हणून बघितलं. बायकोने लगेच फोन उचलला आणि ताईला आणि आपल्या मामांना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. नाव काय ते दोघांपैकी कुणालाच सांगितलं नाही. ते म्हणज्याने सांगायचं होतं.

मामा हे निवृत्त भाषाशिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचं व्याकरण दुरुस्त करण्यात गेलं आणि आता कानाला यंत्र लागलं होतं. ते यंत्र मनाला येईल तेव्हा शिट्टी वाजवायचं. मामांना सगळं ऐकू यायचं नाही. जे ऐकू यायचं नाही ते मात्र ते पुऱ्या आत्मविश्वासाने स्वतः भरून काढायचे. त्यांच्यापुढे कुणी चुकीचा शब्द वापरला, तर त्यांना तो बरोबरच ऐकू यायचा, इतकी शिक्षकी मुरली होती.

जेवणं झाली. बाळ बायकोच्या खांद्यावर होतं. बायकोने म्हणज्याकडे नुसतं बघितलं.

म्हणज्याने हात पुसले. “म्हणजे, आम्ही नाव ठरवलंय,” तो म्हणाला. इथवर झकास झालं. ताई पुढे सरकून बसली. “तिचं नाव, वि…”

आणि ते अडलं. काल खिडकीबाहेर पाखरासारखं उडालेलं नाव आज ओठांशी येऊन दगड झालं. “वि…” त्याने पुन्हा जोर केला. “वि…” मानेची शीर ताठ झाली, डोळे मिटले गेले.

“विनया?” ताई म्हणाली. “नाही? विदुला. विशाखा असेल. विशाखा ना? अरे मान तरी हलव.” शब्दकोड्याच्या चौकटी भराव्यात तसा तिचा हात हवेत चालला होता. ती हे दुष्टपणाने करत नव्हती. भाऊ पाण्यात गटांगळ्या खातोय असं वाटून ती हाताला येईल ते त्याच्याकडे फेकत होती, आणि लहानपणापासून तिने हेच केलं होतं.

“अगं, तू अंदाज कशाला करत बसलीस?” मामा म्हणाले. “त्याने सांगितलं की. विवक्षा.”

बायको मामांना दुरुस्त करायला तोंड उघडत होती, ते तिने मिटलं.

“वा,” मामा म्हणाले. “अख्ख्या नोकरीत या नावाची एक मुलगी वर्गात आली नाही. कुणी सुचवलं?”

“मामा,” बायकोने जरा मोठ्याने विचारलं, “याचा अर्थ काय हो?”

झालं. निवृत्त माणसाला एवढं पुरे होतं. मामा सरसावून बसले. “आपण ‘विवक्षित’ म्हणतो ना, विवक्षित जागा, विवक्षित माणूस? म्हणजे ज्याच्याविषयी बोलायचं मनात आहे तो. विवक्षा म्हणजे बोलण्याची इच्छा. प्यायची इच्छा ती पिपासा, जाणून घ्यायची इच्छा ती जिज्ञासा, तशी बोलायची इच्छा ती विवक्षा. बघ, पि-पासा, जि-ज्ञासा, वि-वक्षा. नुसतं बोलणं असेल, जसं ‘वक्ता’, तर ‘व’ एकदा म्हटला की भागतं. पण मनातून फार इच्छा असली, की शब्द पहिल्याच अक्षराशी अडखळतो आणि ते दोनदा येतं. आपल्या पूर्वजांचे कान बघ किती…”

इथे मामांच्या लक्षात आलं, की सगळे आपापल्या रिकाम्या ताटाकडे बघतायत. “काय झालं? यंत्र बंद पडलं का माझं?” त्यांनी कानाशी हात नेला.

म्हणज्या उठला आणि पाणी आणतो असं काहीतरी पुटपुटत स्वयंपाकघरात गेला. पाण्याचा तांब्या पुढेच होता.

बायको बाळाला घेऊन मागोमाग आली. तो ओट्याला टेकून उभा होता.

“नाव ताजं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“कालचंच होतं. तरी…”

“हो रे.” ती त्याच्या शेजारी ओट्याला टेकली. “मला मामांचं आवडलं.”

“काय आवडलं? माझं अ… अडखळणं तिच्या गळ्यात बांधायचं?” त्याला राग आला होता, आणि राग आला की ‘म्हणजे’सुद्धा लागत नसे. “जन्मभर लोक नाव विचारणार. माझा बाप तोतरा होता, म्हणून माझ्या नावात दोन ‘व’. असं सांगायचं तिने?”

बाळाने तिचा कान मुठीत पकडला होता, तो तिने सोडवून घेतला नाही.

“तू खिडकीवर यायचास,” ती म्हणाली, “तेव्हा माझ्या शेजारी बसणारी म्हणायची, बघ, तो अडखळणारा आला. मला ते तसं दिसायचंच नाही. मला वाटायचं, या माणसाला केवढं बोलायचंय. रांगेत बाकीचे सगळे गावाचं नाव तोंडावर फेकून जायचे. तू एकटाच असा, की ते नाव तुला मनापासून सांगायचं असायचं. इतकी इच्छा मी कुणाच्या तोंडावर बघितली नव्हती. तिला काय म्हणतात ते मात्र मला आजपर्यंत माहीत नव्हतं.”

म्हणज्या ओट्यावरच्या फडक्याची घडी घालत राहिला.

“तोतऱ्या बापाचं नाव नाही ते,” ती म्हणाली. “मी ज्याच्यावर भाळले, त्याचं आहे. पण हाक तुला मारायचीय. तू नको म्हणालास तर नको. मी बाहेर जाऊन विभा सांगते.”

तिने त्याच्याकडे बघितलं, त्या दिवशी खिडकीतून बघितलं होतं तसंच. घाई नव्हती. म्हणज्याला एकदम इतकं भरून आलं, की त्याने बाळाच्या टाळूवर गाल टेकला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. आपण काय मागितलं होतं, तर हाक मारता येईल असं एक नाव. आणि ही काय देत होती.

तो बाहेर आला. ताई आणि मामा तोंडं पाडून बसले होते.

“मामा म्हणतात तेच नाव,” तो म्हणाला.

एकही अक्षर अडलं नाही, कारण त्याने नाव घेतलंच नाही. अदलाबदलीची सवय अशी एका दुपारीत सुटत नसते. बायकोने त्याच्याकडे तिरका कटाक्ष टाकला, पण हसली.

नाव घ्यायची वेळ आली लस टोचायच्या दिवशी. बायकोची रजा संपली होती, म्हणून बाळाला घेऊन म्हणज्या एकटाच दवाखान्यात गेला. लोक भिंतीला टेकून बसलेले, मधूनच एखादं पोर आतून किंचाळत बाहेर यायचं. टेबलाशी बसलेल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “बाळाचं नाव?”

आजवरच्या सवयीने त्याच्या डोक्यात वाटा फुटल्या. मोबाइलवर लिहून दाखवावं. खोकल्याची उबळ आल्यासारखं करावं. बायको येतेय मागून, असं सांगावं. तिन्ही वाटा ओळखीच्या होत्या, आणि त्याने तिन्ही सोडल्या.

“वि,” तो म्हणाला. “वि… वि… वि…”

बाईंनी मान वर केली. मागे कुणीतरी हालचाल केली. म्हणज्याला घाम फुटला, पण डोळे त्याने मिटले नाहीत. आपल्याला सांगायचंय, एवढंच तो मनाशी घोकत होता. सांगायचंय म्हणूनच अडतंय. “वि… विवक्षा.”

“विवक्षा,” बाई म्हणाल्या. “छान आहे. पहिल्यांदाच ऐकलं. अर्थ काय?”

“बोलायची इच्छा,” म्हणज्या म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग बाळाकडे, आणि ‘बसा, बोलावते’ म्हणाल्या. आतून बोलावणं आलं तेव्हा त्यांनी नाव स्पष्ट घेतलं, आणि म्हणज्याने कधी कुठल्या हाकेला दिला नव्हता इतक्या तत्परतेने तिला ‘ओ’ दिला. सुई टोचल्यावर विवक्षाने बोलायची इच्छा अशी काही बोलून दाखवली, की दवाखाना दणाणला.

पुढे नाव सोपं झालं म्हणाल, तर तसं काही झालं नाही. म्हणज्याच्या तोंडून ते कधी तीन ‘वि’नंतर यायचं, कधी पाच. दमलेला असला तर आणखी उशिरा यायचं. पण त्याने ते नाव टाळणं सोडलं, आणि दिवसातून इतक्या वेळा हाक मारायला लागला, की शेजारचे म्हणाले, पोरगी काय पळून चाललीय का?

मुलगी आधाराशिवाय बसायला लागली तेव्हा ताई काही दिवस मदतीला येऊन राहिली. बायको तिकीट खिडकीवर, म्हणज्या दुकानात, आणि ताई घरी भाचीजवळ. एके दिवशी दुकानातलं चाकच बिघडलं आणि म्हणज्या दुपारीच घरी परतला. दार नुसतं लोटलेलं होतं. तो बूट काढत होता, तोच आतल्या खोलीतून आवाज आला.

“वि… वि… वि… विवक्षा.”

आवाज ताईचा होता. म्हणज्या वाकलेला तसाच राहिला. असा आवाज त्याने जन्मभर पाठीमागून ऐकला होता, मैदानात, गल्लीत, जिन्यावर. त्यानंतर नेहमी हसणं यायचं. तो हसण्याची वाट बघत राहिला.

हसणं आलं. पण ते बाळाचं होतं.

तो दारात गेला. विवक्षा जमिनीवर बसली होती, मान मागे वळवून ताईकडे बघत होती आणि दात नसलेल्या हिरड्या दाखवत खिदळत होती. ताईने भावाला बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

“चिडवत नव्हते रे,” ती म्हणाली. “तुझी शपथ. आल्यापासून हाका मारतेय हिला. विवक्षा, विवक्षा. ढिम्म हलत नाही. मला वाटलं, कानात काही दोष आहे की काय. घाबरून तुझ्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, ताई, तुम्ही सरळ म्हणत असाल, तसं तिला कळत नाही. ती स्वतः पहिल्यापासून अशीच हाक मारते म्हणे, तुझ्यासारखी.”

म्हणज्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या देखत तिने तशी हाक कधीच मारली नव्हती, त्याला वाईट वाटेल म्हणून.

“मला आधी कसंतरीच वाटलं,” ताई म्हणाली. “पण मारून बघितली. पहिल्या ‘वि’ला तिने खेळणं खाली ठेवलं. हेच नाव आहे रे तिचं. आमचं तिला अर्धवट वाटतं.”

एवढी वर्षं त्याने सगळ्यांसारखं बोलायचा प्रयत्न केला होता, आणि इथे एक घर गुपचूप त्याच्यासारखं बोलायला शिकलं होतं. त्याने खाली बसून हात पुढे केले.

“वि… वि…”

विवक्षा गर्रकन त्याच्याकडे वळली. दोन्ही हात वर करून, तोंड उघडं ठेवून ती पुढच्याची वाट बघत राहिली. तिलाही घाई नव्हती.

“वि… वि… विवक्षा,” म्हणज्या म्हणाला.

“वि… वि… वि… विवक्षा,” पलीकडून ताई म्हणाली, कारण भाचीने इतक्या सहज पाठ फिरवावी हे तिला रुचलं नव्हतं.

मुलगी इकडे वळली, तिकडे वळली आणि कुणाकडे जावं ते न कळून मध्येच बसून राहिली. दोन्हीकडून तिला तिचं नाव अगदी बरोबर ऐकू येत होतं.